दोन दारांमधली मयुरी

सोनाळ्याची मयुरी घरून निघाली तेव्हा तिच्या बॅगेत दोन नवे ड्रेस, एक गॉगल आणि वासाची बाटली होती. शेतकी कॉलेजचं तिसरं वर्ष. उन्हाळ्यात दीड महिना कुठल्या तरी कंपनीत राहायचं, काम शिकायचं आणि साहेबाची सही घेऊन यायचं. ती सही आणली तरच पुढच्या वर्गात पाय. त्याला म्हणतात इंटर्नशिप. मयुरीची आई महामाया अंगणवाडीत मदतनीस. तिच्या जिभेला तो शब्द काही वळेना, म्हणून ती शेजारीपाजारी सांगायची, "पोरगी ट्रेनिंगले चालली, शहरात."

शहर म्हणजे पुणं, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मयुरीनंही. पण यादी लागली तर मैत्रीण काजलच्या नावापुढं पुणं आणि मयुरीच्या नावापुढं देऊळगाव राजा.

"अवं, ते तं आपल्याच जिल्ह्यात हाय," महामाया म्हणाली.

"जिल्हा आपला असला म्हणून का झालं?" बाप धम्मरत्न म्हणाला. "आपून या टोकाले, ते त्या टोकाले. तू कधी पाह्यलं?"

खरंच होतं ते. सातपुड्याच्या पायाशी सोनाळा आणि थेट जालन्याच्या वाटेवर देऊळगाव राजा. खामगाव, अमडापूर, चिखली करत तीन एसट्या बदलून मयुरी पोचली तेव्हा अंगावरच्या नव्या ड्रेसचा रंग कोणता होता हे धुळीत शोधावं लागलं असतं. एप्रिल अर्धा सरला होता. स्टँडवर बियाण्याच्या कंपनीचे चंद्रशेखर सर मोटारसायकल घेऊन उभे. तिनं मनात पांढरा कोट, काचेच्या बाटल्या, थंडगार खोली अशी सगळी मांडामांड करून ठेवली होती. सरांनी गाडी गावाबाहेर काढली, चार किलोमीटरवर एका वावरात उभी केली आणि म्हणाले, "हे तुझं ऑफिस."

समोर पांढऱ्या जाळीचं घर होतं. लांबच लांब, वरून खालून चारी बाजूंनी बंद. एखाद्यानं अर्ध्या एकराला मच्छरदाणी लावावी तसं.

आत काकडीचे वेल होते, पण खायच्या काकडीचे नाही, बियाण्याच्या. काम असं की इथं मादी वेलांच्या ओळी आणि शेजारी वेगळ्या छोट्या जाळीत नर वेलांची एक ओळ. सकाळी सहाला नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागं मुडपायच्या आणि मादी फुलाच्या तोंडाला हलकेच टेकवायचं. मग देठाला लोकरीचा धागा बांधायचा. झालं त्या फुलाचं लग्न. जे काम रानात मधमाशी फुकट करते ते इथं बारा बाया वाकून वाकून हातानं करायच्या आणि मधमाशीला मात्र आत पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. कारण माशी येते ती कोणाच्या वेलावरून काय घेऊन येते, याचा काही भरवसा नसतो. बांधापलीकडंच कोणाच्या तरी देशी काकडीचा वाफा होता. त्याचा एक कण आत आला, की कंपनीच्या बियाण्यात भलतंच निघणार.

म्हणून त्या जाळीला एकामागं एक दोन दारं होती, चेनची. बाहेरचं उघडून आत यायचं, ते बंद करायचं आणि मगच आतलं उघडायचं. दोन्ही एका वेळी कधीच उघडी नाहीत. दोन दारांच्या मधे न्हाणीएवढी जागा होती. तिथं एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती.

"इथं बसायचं," चंद्रशेखर सर म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, रोज किती धागे बांधले ते लिहायचं. आणि दारं सांभाळायची. मागच्या वर्षीचा पोरगा डुलक्या घ्यायचा. तू घेऊ नको."

तीन वर्षं शेतीचं शिकून मयुरी दारावर बसली.

वावर होतं पंचफुलाबाईचं. तिचा नवरा इंद्रभान पाणी, खत, मोटर पाहायचा आणि जाळीच्या आतलं राज्य पंचफुलाबाईचं. नऊ वर्षं कंपनीचं बियाणं करत होती, आणि नऊ वर्षांत एकदाही तिचा माल नापास झाला नव्हता. देऊळगावात बाया म्हणायच्या, हात असावा तर पंचफुलाचा. धाग्यांचे रंगही तिनंच ठरवलेले. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, असं करत शनिवार पिवळा आणि रविवार भगवा. कोणत्या दिवशी कोणतं फळ धरलं हे नुसत्या धाग्यावरून सांगायची. रविवारचाही धागा कशाला, असं मयुरीनं विचारलं, तर म्हणाली, "फुलं सुट्टी घेत नाहीत, लेकरा."

मयुरीची राहायची सोय तिच्याच घरी होती, देऊळगावात. आता शहरात राहायचं म्हणजे चार दुकानं फिरावीत, देवळाच्या बाजारातून चक्कर मारावी, हे तरी मिळेल की नाही? पण पंचफुलाबाईनं परक्याची लेक जिम्म्यावर घेतली होती आणि जिम्मा म्हणजे काय हे ती फार मनावर घ्यायची. पहाटे पाचला सगळ्या बायांसोबत मयुरीला ऑटोत कोंबायची आणि दुपारी त्याच ऑटोनं परत आणायची.

"मावशी, मी जरा बाजारातून येते," एकदा मयुरी म्हणाली.

"कामून? काय लागतं?"

"लागत नाई काही. अशीच."

"अशीच कशाला उन्हाची? काकाला सांग, ते आणतील."

काय आणायला सांगावं हे मयुरीला सुचेना. तिनं कुल्फी सांगितली. इंद्रभान सायकलवर गेला आणि ती घेऊन आला. घरी पोचेपर्यंत कुल्फीची काडी तेवढी राहिली होती. त्यानं ती काडी आणि पिशवीतलं दूध वाटीत ओतून मोठ्या मायेनं तिच्यापुढं ठेवलं. मयुरीनं ते पिऊन टाकलं. करणार काय?

माणसं वाईट असती तर भांडून निघता आलं असतं. ही माणसं तिच्या ताटात पहिली भाकर वाढायची, तिच्यासाठी कूलरचं तोंड फिरवून ठेवायची. जाळीतही बंद आणि घरातही बंद, आणि कोणावर रागवायलाही जागा नाही.

त्यात काजलचे फोटो यायचे. पुण्याचं ऑफिस, काचेच्या भिंती, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला कार्ड. आणि महामायाचा फोन यायचा दर शनिवारी दहाला. पहिल्याच शनिवारी आईनं विचारलं, "कसं हाय व ऑफिस?" आणि मयुरीच्या तोंडून निघून गेलं, "मस्त हाय आई. एसी हाय." तेवढ्यावर महामायानं सगळ्या सोनाळ्यात एसी लावून टाकला. आता खरं सांगायची सोय उरली नाही.

जाळीतल्या बाया तिची मजा करायच्या, वाईट हेतूनं नाही. तिचं बोलणं त्यांना फार गोड लागायचं. त्यांच्यात कोकिळा म्हणून एक होती, नवीनच लागलेली, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. हात असा चालायचा की दुसरीचं एक फूल होईस्तोवर हिची तीन. रोज आत जाताना ती खुर्चीपुढं थांबायची.

"काय मॅडम, आज काय शिकल्या?"

"दार उघडाले."

"आणि लावायला?"

"ते उद्या शिकवतीन."

अशी हसवाहसवी चालायची. पण अकरा वाजेपर्यंत त्या न्हाणीएवढ्या जागेत ऊन असं साचायचं की बोलायलाही जीव राहायचा नाही. वारा जाळीला येऊन अडायचा. दिसायचा, बाहेरच्या निंबाची पानं हलायची, पण आत यायचा नाही. मयुरी वहीच्या मागच्या पानावर रोज एक रेघ मारायची. पंचेचाळीस रेघा झाल्या की सुटका.

एकोणिसावी रेघ मारली तो शनिवार.

दहा वाजत आलेले. कोकिळा नर फुलांची टोपली घेऊन आत गेली आणि आतल्या दाराची चेन अर्ध्यावर अडकली. धूळ बसली की अशी अडकायची. "ओढून घ्या मॅडम," म्हणून कोकिळा पुढं निघून गेली. तेवढ्यात फोन वाजला. महामाया. जाळीत नेटवर्क असं की आईचा आवाज तुकड्या-तुकड्यानं यायचा. मयुरीनं चेन एकदा ओढली, दोनदा ओढली, ती हलली नाही. मग तिनं काय केलं, तर बाहेरचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. आतलं अर्धं उघडं, बाहेरचं सताड उघडं.

आणि वारा आला. नुसता आला नाही, तिच्या घामानं भिजलेल्या पाठीवरून आरपार गेला. वीस दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. आई बोलत होती, कोणाच्या तरी लग्नात काय काय झालं ते सांगत होती. मयुरीनं डोळे मिटून घेतले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तिला भान राहिलं नाही.

फोन ठेवून ती वळली तर आतल्या पहिल्याच वेलावर, पिवळ्या फुलात, माशी.

 ती आत धावली, ओढणी टाकून माशी धरली, अलगद बाहेर नेऊन सोडली. परत आली तर दुसरी. तिला धरलं. तिसरी हातची सुटून ओळीत आत कुठं गेली ते दिसलंच नाही. बाया पार त्या टोकाला होत्या, पाठमोऱ्या, कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत. कोणी पाहिलं नाही. मयुरीनं चेनेला खोबरेल लावलं, दोन्ही दारं बंद केली आणि खुर्चीवर बसली. वहीत लिहिलं, शनिवार, पिवळा, चारशे बारा.

त्या दिवसापासून ती जागा आणखी लहान झाली.

दुपारी घरी पंचफुलाबाईनं वाढलं, तर मयुरी भाकर नुसती चिवडत बसली. "ऊन लागलं का तुला?" म्हणून तिनं कांदा ठेचून तळपायाला चोळला. मयुरीला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. मग सही आठवायची. सही नाही तर वर्ष गेलं, वर्ष गेलं तर सोनाळ्यात सगळ्यांना कळणार की एसी नव्हता आणि पास होणंही नव्हतं. आणि मन दुसऱ्या बाजूनं म्हणायचं, बियाणं पेरून पारख होईल ते पावसाळ्यात, तोवर तू कुठच्या कुठं. एका माशीनं असं काय होतं? पुस्तकात काय होतं ते लिहिलेलं होतं, आणि ते पान तिनं परीक्षेत दहापैकी नऊ मार्कांनी लिहिलं होतं.

रोज सकाळी ती आत जाऊन पिवळ्या धाग्याच्या काकड्या पाहायची. रविवारी फुलं गळून पडली. सोमवारी काडीएवढ्या. बुधवारी बोटाएवढ्या. कोणती खरी आणि कोणती माशीची हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. सगळ्या सारख्याच हिरव्या, सारख्याच शहाण्या.

गुरुवारी चंद्रशेखर सर पाहणीला आले. ओळीओळीनं फिरले आणि दाराजवळच्या कोपऱ्यात वाकून उभे राहिले. जाळीच्या सांध्यात कोळ्यानं घर केलं होतं. त्यात मधमाशी लटकत होती, वाळलेली.

"ही कुठून आली?"

बारा बायांचे हात थांबले. पंचफुलाबाई पुढं आली, पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं.

"जाळी कुठं फाटली असंल," ती म्हणाली. पण ती रोज सकाळ-संध्याकाळ जाळीला हात लावून पाहायची. फाटलेली नाही हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

"फाटलेली नाही. दारातून आली." सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती कोकिळेवर थांबली. "टोपल्या घेऊन आत-बाहेर कोण करतं? हीच ना? मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, हिला घाई फार."

"साहेब, मी दार कधी उघडं टाकलं नाही," कोकिळा म्हणाली.

"मग माशी चेन उघडून आली का?"

"मला काय माहीत कशी आली ते!"

"तोंड चालवू नको. उद्यापासून येऊ नको." मग ते पंचफुलाबाईकडं वळले. त्यांचा आवाज उतरला, कारण नऊ वर्षांचा संबंध होता. "बाई, कोणत्या दिवशी शिरली ते कळलं असतं तर तेवढी फळं काढून टाकली असती. ते कळत नसेल तर मला सगळा प्लॉटच संशयात लिहावा लागेल. आणि एकदा तसं लिहिलं, की पुढच्या वर्षी कंपनी तुम्हाला बियाणं देणार नाही. माझ्या हातात नाही ते."

 पंचफुलाबाईनं हातातला त्या दिवसाचा धागा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. कोकिळा डोक्यावरचा रुमाल काढून घडी घालत होती, फार सावकाश, जशी आयुष्यात तिनं एकही गोष्ट सावकाश केली नव्हती.

मयुरी आतल्या दारात उभी होती. मागं बाहेरचं दार होतं. चेन ओढली की वावर, वावराच्या पुढं रस्ता, रस्त्यावर एसटी.

"शनिवार," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही.

"शनिवारी आली ती. पिवळा धागा. माह्याच हातानं झालं. मी दोनही दारं उघडी टाकली होती, फोनसाठी. कोकिळाताईनं नाई. तीन आल्या होत्या, दोन मी बाहेर काढल्या, एक राह्यली."

चंद्रशेखर सरांनी डोक्यावरची टोपी काढली. "आज गुरुवार आहे."

"हाव सर."

"पाच दिवस?"

"हाव."

त्यांना आणखी काय काय बोलायचं होतं ते त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं. पण तेवढ्यात पंचफुलाबाई हलली. तिनं बोटाचा धागा काढून कमरेला खोचला आणि टोपल्या मागवल्या.

"शनिवारचा पिवळा खुडा," ती म्हणाली. "आणि रविवारचा भगवाबी. एक राहिली होती म्हणती ना ही, ती रविवारीबी हिंडली असंल. एवढी वाळली म्हणजे त्यापुढं जगली नाही. आधीच्या हप्त्यांतल्या पिवळ्याला हात लावू नका, त्या मनगटाएवढ्या झाल्यात, कळतील. चला."

मयुरीकडं तिनं पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सगळ्या जणी खुडत होत्या. मयुरीही. पिवळा दिसला की खुड, भगवा दिसला की खुड. आठशेच्या वर काकड्या निघाल्या. कंपनीचं फळ बाजारात जाऊ द्यायचं नसतं, म्हणून इंद्रभाननं ती तिथंच विळ्यानं चिरली आणि म्हशीला घातली. म्हैस मात्र खूश. तिच्या जन्मात एवढ्या मानानं तिला कोणी जेवू घातलं नव्हतं.

चंद्रशेखर सरांनी मयुरीची वही मागितली. लिहिलं, निष्काळजीपणा, पण दिवस स्वतः सांगितला. मग म्हणाले, "पंचेचाळीस दिवसांवर सही मिळणार नाही. हा प्लॉट संपेपर्यंत थांबायचं. जितक्या दिवसांची फळं गेली तितकी नवीन धरायची आहेत. साठ दिवस धर. जायचं असेल तर आज जा, मी अडवणार नाही, पण सहीही करणार नाही."

"थांबते सर."

त्या संध्याकाळी तिनं आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, एसीसकट.  महामाया म्हणाली, "मंग आता मी लोकाईले का सांगू व?"

"सांग, पोरगी दारावर बसते म्हणून."

"दारावर तं दारावर," महामाया म्हणाली. "पण नीट लावत जाय माय ते."

पंचफुलाबाई दोन दिवस बोलली नाही. वाढायची, पण गप्प. तिसऱ्या दिवशी मयुरीच्या ताटात काकडीची कोशिंबीर आली. मयुरीनं वर पाहिलं.

"बाजारातली आहे," पंचफुलाबाई म्हणाली. "खा. शनिवारीच सांगितलं असतं तर भगवा वाचला असता. चारशे फळं. एवढं ध्यानात ठेव, बाकी काही ठेवू नको."

कोकिळेचं मात्र तसं झालं नाही. ती कामावर आली, कारण सरांना आपलं बोलणं मागं घ्यावं लागलं, पण हसवाहसवी संपली. दुसऱ्याच दिवशी ती खुर्चीपुढं थांबली आणि म्हणाली, "तू बोलली म्हणून मी राहिले, असं सगळ्या म्हणतात. मी म्हणते, साहेब माझ्यावर घसरले तेव्हा तू तिथंच उभी होतीस ना? रुमालाची घडी होईस्तोवर कशाची वाट पाहत होतीस?"

मयुरीनं वहीत डोकं घातलं. 

तेव्हापासून कोकिळेनं एक सुरू केलं. टोपली घेऊन ती मधल्या जागेत यायची, आतल्या दारापुढं थांबायची आणि मागं न पाहता विचारायची, "लागलं का दार?"

"लागलं," मयुरी म्हणायची.

दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. "लागलं का दार?" "लागलं." बाकीच्या बाया हळूहळू विसरल्या. मे तापत गेला, निंबाची पानं बाहेर हलत राहिली आणि मयुरीच्या वहीत रेघा वाढत गेल्या. पंचेचाळीसची रेघ आली आणि गेली. काजल पुण्याहून घरी पोचली. तिनं गळ्यातल्या कार्डाचा शेवटचा फोटो पाठवला.

चोपन्नावी रेघ. शनिवार. दहा वाजता फोन वाजायला लागला. महामायाचं नाव दिसत होतं. आतलं दार उघडं होतं, कोणी तरी पाणी प्यायला येत होतं. मयुरीनं एक हात बाहेरच्या चेनेवर घट्ट ठेवला आणि फोन वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला. बाई मधल्या जागेत आली तेव्हा मयुरीनं आतलं दार लावलं आणि मगच बाहेरचं उघडून तिला जाऊ दिलं. तेही लावलं, मग दोन्ही चेना खालपासून वरपर्यंत बोटानं चाचपून पाहिल्या.

तेवढ्यात कोकिळा टोपली घेऊन बाहेरून आली. घाम कपाळावरून डोळ्यात उतरत होता. मयुरीनं तिच्या मागं दार ओढलं. कोकिळा आतल्या दारापुढं थांबली. थांबली आणि काही न विचारता तशीच उभी राहिली.

"लागलं," मयुरी म्हणाली.

कोकिळेनं मान हलवली, आतलं दार उघडून गेली आणि आपल्या हातानं ते लावून घेतलं. मयुरी खुर्चीवर बसली. अजून सहा रेघा होत्या.